लाव्हाच्या काठाने पायी
नांदेड-लातूरमधील खडक, पाणी आणि वन्यजीव पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथल्या जमिनीचा अभ्यास करण्यासाठी ६१७ मीटर खोल विंधन विवर घेण्यात आले. वरचे ३३८ मीटर सगळा बेसॉल्ट लागला, म्हणजे थिजून दगड झालेला लाव्हा. त्याखाली आठेक मीटरचा गाळाचा थर होता आणि मग ग्रॅनाइट सुरू झाला. पश्चिमेला सह्याद्रीत हाच बेसॉल्ट दीड किलोमीटरहून अधिक जाड आहे. पूर्वेकडे सरकावे तसा तो पातळ होत जातो आणि नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीच्या बाजूला संपतो. तिथे त्याच्या पोटातला, कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणाऱ्या लाव्हाचा पूर्वेकडचा काठ तो हाच.

ज्वालामुखीच्या खडकांचे किनारे, त्यांवरच्या पायवाटा आणि तिथले पक्षी-प्राणी पाहण्यासाठी लोक लांबलांबच्या बेटांवर जातात. उडुपीजवळच्या मालपे बंदरातून होडीने सेंट मेरी बेटांवर जाऊन तिथले उभे दगडी खांब आपल्याकडचेही पुष्कळ लोक पाहून आले आहेत. जरूर जावे. पण लाव्हा, पाणी आणि रान ही तिन्ही एकत्र पाहण्याची सोय नांदेड-लातूरकरांना घराजवळच आहे. पैनगंगेचा खडकाळ काठ, माहूरची शिखरे, किनवटचे सागवान, चाकूर-उदगीरकडची बेटे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकाकी टेकड्या आणि खरोशाचा डोंगर, ही सगळी ठिकाणे एक-दोन दिवसांत पायी अनुभवता येतात. इथे बहुतेक लोक देवदर्शनाला किंवा धबधब्यावर फोटो काढायला येतात आणि तासाभरात परततात. जरा वेळ काढून, पायाखालचा दगड पाहत आणि कान उघडे ठेवून चालले, तर हाच प्रदेश कितीतरी अधिक देतो. त्यासाठी लागणारी माहिती इथे देत आहे.

पायाखालचा दगड ओळखा

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा वाहू लागला. एक लोट पसरला, थंड झाला, काही काळ गेला आणि त्यावर दुसरा लोट आला. भाकरीवर भाकरी रचावी तसे हे थर एकमेकांवर बसले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर हा दगड आहे. त्या काळी भारताचा भूखंड दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेने हा लाव्हा पुरवला, तीच आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटावरचा पितों द ला फूर्नेझ ज्वालामुखी अजूनही जागा आहे. भूखंड पुढे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी बेटांची रांग उरली. पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्याच्या कातळावर उभे राहणारा माणूस त्याच रांगेच्या उत्तर टोकाशी उभा असतो.

चालताना चार गोष्टी शोधा. पहिली, काळा पाषाण. हा घट्ट, जड बेसॉल्ट लाव्हालोटाच्या मधल्या भागातला असतो. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. भेगा नीटस पडल्या तर पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबला-पारडी इथे २०२१ मध्ये रस्त्याचे काम चालू असताना असे खांब उघडे पडले होते. दुसरी, मांजऱ्या खडक. विहीर खोदणारी माणसे सच्छिद्र, ठिसूळ थराला हेच नाव देतात. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे वर येऊन अडकले आणि त्यांची भोके राहिली. पुढे त्यांत पाणी झिरपले आणि गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट अशी पांढरी खनिजे भरली. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसले की हाच तो खडक. तिसरी, दोन लोटांमधला तांबडा मातकट पट्टा. पहिला लोट थंड झाल्यावर त्याचा माथा झिजून माती झाली आणि दुसऱ्या लोटाखाली ती भाजली गेली. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे हा पट्टा स्पष्ट दिसतो. चौथी, जांभा. बेसॉल्टचा माथा ऊन-पावसात लाखो वर्षे झिजून जो तांबूस, भोकाभोकांचा दगड होतो तो. उदगीर-बीदरकडच्या पठारावर तो दिसतो.

आपली काळी, कापसाची जमीनही याच दगडाच्या झिजेतून झाली आहे. नांदेडहून देगलूरकडे जाताना शेतांमधून करड्या-गुलाबी रंगाचे गोल, मोठाले धोंडे दिसू लागले की लाव्हाचा काठ ओलांडला असे समजा. वाटेत थांबून दोन्ही दगड शेजारी ठेवून पाहा. बेसॉल्टचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, ग्रॅनाइटचे चमकदार कण सहज दिसतात. लहान मुलेही हा फरक लगेच ओळखतात.

कधी जावे

प्रत्येक ठिकाणाचा हंगाम वेगळा आहे. सहस्रकुंडचा धबधबा जोमात असतो तो जुलै ते सप्टेंबर. पण त्याच काळात नदीकाठाने चालणे सर्वांत धोक्याचे असते. पायी फिरायला ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पाणी उतरलेले असते, कातळ उघडा पडतो, गवत अजून उभे असते आणि तलावांवर पाहुणे पक्षी आलेले असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, पाठोपाठ मोह गळू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत जनावरे पाणवठ्यांवर येतात आणि पानगळीमुळे दूरवर दिसतात, पण पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा चालायचे असेल तर पहाटे निघून नऊ-साडेनऊपर्यंत सावलीला यावे.

सणांचे दिवस पाहून बेत आखा. माहूरला नवरात्रात आणि दत्तजयंतीला प्रचंड गर्दी असते. पक्षी पाहायचे असतील तर ते दिवस टाळा. श्रावण पौर्णिमेची परिक्रमा मात्र वेगळी. त्या वेळी हजारो भाविक माहूरच्या डोंगरांना पायी प्रदक्षिणा घालतात. या भागातली ही रुळलेली पायवाट गर्दीसह अनुभवायची असेल, तर त्याच दिवसांत जावे.

सहस्रकुंड आणि पैनगंगेचा काठ

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि पुढे मराठवाडा-विदर्भाची सीमा होऊन वाहते. सहस्रकुंडला अलीकडे किनवट तालुक्यातले इस्लापूर आणि पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका. नांदेडहून भोकर-हिमायतनगर मार्गाने हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. कोणती गाडी तिथे थांबते ते निघण्याआधी पाहून घ्या.

बहुतेक लोक धबधबा समोरून पाहतात आणि परततात. पाणी कमी असेल तेव्हा सुरक्षित अंतर ठेवून वरच्या बाजूचा कातळ पाहा. गोल खड्डे दिसतील. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी फिरत राहतात आणि दगड कोरतात. असे रांजणखळगे व्हायला फार मोठा काळ लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातले निघोज त्यांसाठी प्रसिद्ध आहे. काठाच्या भिंतींवर थर मोजता येतात का, मांजऱ्या खडक कुठे संपतो आणि पाषाण कुठे सुरू होतो, हे शोधा. धबधबा का तयार झाला याचे उत्तरही तिथेच आहे. पाणी मऊ थर लवकर खाते, कठीण थर टिकून राहतो आणि नदीला पायरी पडते.

काठाच्या अर्जुनसादड्यांवर आणि पाण्यातल्या खडकांवर खंड्या, पाणकावळे, बगळे बसलेले असतात. थंडीत तुतवार आणि धोबी दगडांवरून तुरुतुरु चालताना दिसतात. कपारींत पाकोळ्यांची ये-जा असते.

इथला सर्वांत महत्त्वाचा नियम नीट लक्षात ठेवा. वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले तरी धरणातून पाणी सोडल्यास किंवा वर पाऊस झाल्यास नदी अचानक वाढते. पावसाळ्यात पात्रातल्या खडकावर उतरूच नका. इतर दिवसांतही उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारा. पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला, तर फोटो सोडून लगेच काठावर या. शेवाळलेल्या बेसॉल्टवर चांगले बूटही घसरतात. डोहाची खोली वरून कळत नाही, म्हणून पोहायला उतरू नका.

माहूरची तीन शिखरे

किनवटहून माहूर सुमारे पन्नास किलोमीटर. रेणुकामाता, दत्त आणि अनसूया अशी तीन शिखरे, शिवाय रामगड हा किल्ला आणि पांडवलेणी. शिखरांपर्यंत गाडी जाते, तरी शक्य तिथे पायी चढा. डोंगराच्या उतारावर एकाआड एक कडा आणि सपाट टप्पा अशा पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी हा लाव्हाचा एकेक लोट आहे. किल्ला बांधणाऱ्यांनी याच नैसर्गिक कड्यांचा तटासारखा उपयोग केला आणि लेणी कोरणाऱ्यांनी एकसंध पाषाणाचा पट्टा निवडला. दगड पाहूनच त्यांनी जागा ठरवल्या.

किल्ल्यावर सकाळी लवकर पोचा. दरीवर तरंगणारा सर्पगरुड, झाडांतून उडणारा स्वर्गीय नर्तक, उंबरा-वडांवरचे हरियाल आणि राखी धनेश या वेळेला भेटतात. हरियाल हा आपला राज्यपक्षी. मंदिराच्या परिसरातल्या वानरांना खाऊ घालू नका. माणसाच्या हातचे खायची सवय लागलेले वानर पिशव्या ओढते, चावते आणि शेवटी त्याचाच जीव धोक्यात येतो.

माहूर-किनवट परिसरात पैनगंगेजवळ उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आहेत. हे पाणी जिवंत ज्वालामुखीमुळे तापते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. महाराष्ट्रात आज कुठेही जिवंत ज्वालामुखी नाही. देशातला एकमेव जागा ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर आहे.

पैनगंगा अभयारण्य आणि किनवटचे जंगल

पैनगंगेच्या मोठ्या वळणात, मुख्यतः उमरखेड तालुक्याच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे. नदीच्या अलीकडे किनवट-माहूरचे सागाचे जंगल. साग, धावडा, सालई, मोह, तेंदू, बिबा, चारोळी ही इथली झाडे. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय, सांबर, चितळ, चौसिंगा, रानडुक्कर हे इथले रहिवासी.

वाघांच्या दृष्टीनेही हा पट्टा मोलाचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात २०१९ मध्ये एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर घातली होती. त्या वर्षी जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगण, मराठवाडा, विदर्भ असा फिरत तेराशेहून अधिक किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात, म्हणजे लातूरच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसला. नदीकाठची झाडी, टेकड्या आणि पडीक माळ यांना धरून हे वाघ चालतात. आपण ज्यांना ओसाड म्हणतो त्या जागा त्यांच्या वाटा आहेत.

अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही आणि मनाला येईल तिथे पायी फिरता येत नाही. आधी वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा, कोणत्या वाटेवर चालू देतात ते विचारा आणि वनरक्षक किंवा स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. गोंड, कोलाम, आंध, प्रधान आणि बंजारा समाजांची गावे व तांडे या भागात आहेत. कोणत्या ओढ्याला पाणी आहे, अस्वल कुठे फिरते आहे, कोणते झाड कशाला उपयोगी पडते, हे त्यांच्याइतके कोणी सांगणार नाही. त्यांचा दिवस मोडतो, म्हणून मोबदला आधी ठरवा आणि रोख द्या. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग अनेक अभयारण्यांत मचाणावरून पाणवठे पाहण्याचा निसर्गानुभव उपक्रम ठेवतो. नावनोंदणी लवकर संपते, त्यामुळे एप्रिलपासून लक्ष ठेवा.

लातूरकडची बेटे आणि खरोसा

चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथ गावाजवळ सपाट शेतांमधून एक टेकडी उठते, तेच वडवळचे बेट. औषधी वनस्पतींसाठी ते दूरवर ओळखले जाते आणि वैद्य मंडळी पावसाळ्यात इथे येतात. नांगर न लागलेल्या अशा टेकड्यांवर आसपासच्या शेतांतून नाहीशा झालेल्या वनस्पती तग धरून राहतात. त्यामुळे इथे चालताना पायवाट सोडू नका. वनस्पती ओळखायच्या असतील तर फोटो काढा, जाणकाराला विचारा, पण उपटू नका. मुळासकट एक झुडूप गेले की पुढच्या वर्षीचे बी गेले. ऑगस्ट-सप्टेंबर हा इथला सर्वोत्तम काळ.

उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे. खडकात कोरलेल्या गुहा, माथ्यावरून दिसणारा विस्तीर्ण मुलूख आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी या टेकडीला लाभल्या आहेत. रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांनी हिचा आसरा घेतला होता. चढ सोपा आहे, मुलांना आणि ज्येष्ठांना जमण्यासारखा. गुहांच्या भिंतींचा दगड नीट पाहा, तो गुळगुळीत आहे की भोकाभोकांचा, काळा की तांबूस, याची नोंद करा आणि मग खरोशाला गेल्यावर तुलना करा.

औसा तालुक्यातले खरोसा लातूरपासून सुमारे ४५ किलोमीटर. इथली सहाव्या शतकातली लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या बेसॉल्टमध्ये छिन्नीची बारीक रेघही टिकते. जांभा मऊ आणि खडबडीत, त्यामुळे खरोशाच्या नरसिंह, कार्तिकेय, शिव-पार्वती यांच्या मूर्तींची झीज झालेली दिसते. त्यांना हात लावू नका, टेकू नका.

या भागातले माळ आणि शेते काळविटांची आहेत. सकाळी आणि संध्याकाळी कळप चरताना दिसतात. खोकड, ससे, चंडोल, माळटिटवी, तित्तर यांचेही हेच घर. उन्हाळ्याच्या तोंडाला दगडावर बसून गळ्याखालची रंगीत पडदी फुलवणारा छोटा सरडा दिसला तर दुर्बिणीतून पाहा, जवळ जाऊ नका. काळवीट दिसताच गाडी शेतात घालून पाठलाग करणारे लोक असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार काळविटाला सर्वोच्च संरक्षण आहे. घाबरून धावलेली गाभण मादी मरूही शकते.

थंडीत लातूरचे साकोळ आणि देवर्जनचे तलाव, नांदेडजवळचा विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय इथे एक सकाळ काढा. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या, चित्रबलाक, नदी सुरय असे पक्षी पाण्यावर आणि काठावर शोधा. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला बसा, पक्ष्यांचे रंग नीट दिसतात.

पाहण्याची रीत

कमी चाला, जास्त थांबा. एका जागी वीस मिनिटे गप्प बसले की रान पुन्हा आपल्या कामाला लागते. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्यांचा जीव कासावीस होतो. टिटवी आणि नदी सुरय उघड्या खडकांवर, वाळूवर अंडी घालतात आणि ती दगडांच्या रंगाची असतात. उन्हाळ्यात पात्रातून चालताना एखादा पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागला, तर आल्या पावली मागे फिरा. दगड उलटला तर पुन्हा होता तसा ठेवा, त्याच्याखाली कोणाचे तरी घर असते. हातोडीने खनिजे फोडून नेऊ नका. दगडातली एक गारगोटी तुमच्या कपाटात धूळ खाते, जागेवर राहिली तर पुढच्या हजार जणांना शिकवते.

धोके आणि उपाय

*साप.* नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या प्रदेशात आहेत. फुरसे आणि घोणस दगडांत बेमालूम मिसळतात. हात टेकण्याआधी कपार पाहा, उंच बूट घाला, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झाल्यास आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांतले काहीही करू नका. अंगठी, कडे काढा, दंश झालेला अवयव न हलवता ठेवा आणि प्रतिविष असलेल्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात थेट न्या. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास जीव घेतो.

*विंचू.* लाल विंचू बेसॉल्टच्या दगडांखाली राहतो. त्याच्या दंशाने घाम फुटतो, हातपाय गार पडतात आणि हृदयावर ताण येतो. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक असल्याचे दाखवून दिले आणि असंख्य जीव वाचले. हा उपचार ग्रामीण रुग्णालयात मिळतो, म्हणून विशेषतः मुलांना घेऊन ताबडतोब जावे.

*आग्या मोहोळ.* लेण्यांच्या छतांना आणि कड्यांना मोठी पोळी लटकतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, दगड मारू नका, फ्लॅश टाळा. माश्या उठल्या तर तोंड झाकून सरळ दूर पळा, पाण्यात बुडी मारू नका.

*अस्वल.* मोह गळण्याच्या दिवसांत पहाटे झाडाखाली अस्वल असू शकते. अशा वेळी रानात बोलत चाला, काठी आपटत चाला. समोर आलेच तर पाठ न दाखवता सावकाश मागे सरा.

*वीज.* मराठवाड्यात मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वीज पडून माणसे आणि जनावरे मरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप मोबाइलवर ठेवा. ढग गरजू लागले की माथा सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका.

*काळी माती.* पाऊस झाल्यावर शेतवाटेने गाडी घालू नका. चाके रुततात आणि ओढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो. डांबरी रस्त्यावर गाडी ठेवून चालत जा.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिस व इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि वनविभागाच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक लिहून ठेवा. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठे जाणार आणि कधी परतणार हे घरी किंवा गावात सांगून निघा.

सोबत काय घ्यावे

खोल नक्षीचे तळवे असलेले बूट, काठी, टोपी किंवा उपरणे, माणशी तीन लिटर पाणी, बॅटरी, दुर्बीण, वही-पेन्सिल आणि मीठ-साखरेच्या पुड्या. कपडे मळकट हिरव्या किंवा मातकट रंगाचे असावेत. जेवणाला धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा न्या. दिवसभर टिकतात आणि प्लास्टिकचा कचरा होत नाही. बिस्किटांची रिकामी पाकिटेसुद्धा घरी परत आणा.

दोन दिवसांचे दोन बेत

नांदेडकरांनी शनिवारी पहाटे निघावे, सकाळी सहस्रकुंड पाहावे, दुपारी उनकेश्वर करून मुक्कामाला माहूर गाठावे. रविवारी सूर्योदयाला किल्ला आणि पांडवलेणी, मग दर्शन, आणि दुपारनंतर किनवटच्या जंगलातल्या रस्त्याने परत. अभयारण्यात जायचे असेल तर तिसरा दिवस राखून ठेवा, कारण परवानगी आणि वाटाड्या यांत वेळ जातो.

लातूरकरांनी पहिल्या दिवशी वडवळचे बेट आणि उदगीर मुक्काम ठेवावा. वडवळ नागनाथला रेल्वे स्थानक आहे, उदगीरही रेल्वेवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी देवर्जनचा तलाव आणि हत्तीबेट, आणि परतताना वेळ मिळाल्यास खरोसा. नाहीतर खरोसा आणि किल्लारी यांसाठी वेगळा दिवस काढा. किल्लारीला गेलात तर भूकंपात गेलेल्यांच्या स्मृतीचा मान ठेवा. तिथे हजारो घरे उद्ध्वस्त झाली होती.

शिक्षकांना विशेष विनंती आहे. सहलींसाठी नेहमी दूरचीच ठिकाणे निवडली जातात. एकदा विद्यार्थ्यांना देगलूरच्या वाटेवर घेऊन जा आणि बेसॉल्ट कुठे संपतो, ग्रॅनाइट कुठे सुरू होतो हे त्यांनाच शोधू द्या. भूगोलाच्या पुस्तकातला धडा त्यांच्या पायाखाली येईल.

या सगळ्या जागांना आज खाणकाम, वणवे, कचरा आणि बेफिकिरी यांचा धोका आहे. बेटे फोडून खडी झाली की ती पुन्हा उगवत नाहीत. जिथे माणसे जाणीवपूर्वक चालायला येतात, तिथे गावकऱ्यांना चार पैसे मिळतात आणि त्या जागेकडे लक्ष राहते. म्हणून येत्या हिवाळ्यात एक शनिवार-रविवार मोकळा ठेवा, वाटाड्याला आधी कळवा आणि मुलांना सोबत घेऊन निघा.